फ्लेक्स उतरवल्यावर पुढे काय?

शिमगा असो वा गणपती, रत्नागिरीत नाक्यानाक्यावर फ्लेक्स झळकतात. सण सरला की ते गोठा नाहीतर लाकूडफाटा झाकायला जातात आणि उन्हापावसाने विरले की कचऱ्यात.

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टर धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही अंगांना पीव्हीसीचा थर. हे थर सुटे करणं अवघड, म्हणून त्यावर पुनर्प्रक्रिया फारशी होत नाही. जाळला तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत मिसळतात. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स मात्र तिच्यातून सुटतो.

याउलट हापूसचा पन्हळी पुठ्ठ्याचा खोका बघा. त्यावर पाण्यात कालवलेल्या शाईने छापता येतं आणि रद्दीत गेल्यावर त्याचा पुन्हा लगदा होतो. चकचकीत प्लास्टिकचा थर चढवला, की लगदा करणं कठीण होतं.

म्हणून छपाईची ऑर्डर देतानाच विचार करा. फलक सुती कापडावर घ्या. दरवर्षीच्या कार्यक्रमाच्या फलकावर साल छापू नका, तारखेची वेगळी पट्टी लावा. खोक्यावर लॅमिनेशन टाळा. छापखाना गिऱ्हाईक मागेल तेच छापतो. बदलाची सुरुवात आपल्या मागणीतूनच होईल.