सेनापतीच्या आधीचे रिंगण

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, हेनाम आणि जिंदो परिसरात, आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, म्हणजे चुसॉकच्या सणाला, बायका हातात हात गुंफून रिंगण धरतात. एकजण गाणे उचलते, बाकीच्या ‘गांगगांगसुल्ले’ हे पालुपद धरतात. संथ लय हळूहळू चढते आणि शेवटी रिंगण चक्क धावू लागते. या नाचाचे श्रेय सेनापती यी सुन-शिन यांना देण्याची प्रथा आहे. जपानी आक्रमणाच्या काळात (१५९२-९८) त्यांनी बायकांना पुरुषी वेष चढवून डोंगरावरच्या जाळांभोवती फिरवले आणि शत्रूला मोठ्या फौजेचा भास झाला, अशी ही कथा. कथा झकास आहे, पण नाच तिच्यातून जन्मला हे पटत नाही.

नाचात अधूनमधून येणारे खेळच पाहा. नेच्याचे कोंब खुडणे, हेरिंग मासे माळेत ओवणे आणि पुन्हा सोडवणे, गवती चटई गुंडाळणे, वाकलेल्या पाठींची कौले करून त्यांवरून चालत जाणे. रान, किनारा, अंगण सगळे यात आहे. रणांगण तेवढे नाही. शिवाय जुन्या काळी गावाकडच्या तरुण मुलींना मोठ्याने गाण्याची किंवा रात्री बाहेर पडण्याची मुभा नव्हती. चुसॉकची रात्र हा अपवाद. रात्रभर नाचायला त्यांना सेनापतीच्या हुकमाची गरज कशाला पडावी?

यावर आक्षेप येईल, तोही वजनदार. यी सुन-शिन यांनी अवघ्या १३ जहाजांनिशी जिंकलेली १५९७ची म्योंगन्यांगची लढाई हेनाम आणि जिंदो यांमधल्या सामुद्रधुनीतच झाली, आणि नाचाचे माहेरही तेच. हा निव्वळ योगायोग म्हणायचा? नसेलही. पण लढाई झाली नवव्या चांद्रमासात, चुसॉकनंतर महिन्याभराने. विजयाचा नाच विजयाची तिथी सोडून सुगीच्या पौर्णिमेला कशाला चिकटेल? क्लृप्ती खरोखर लढवली गेली असे धरले, तरी ऐन युद्धात बायकांना नवा नाच शिकवत बसण्यापेक्षा त्यांच्या अंगवळणी पडलेले रिंगण वापरणेच शहाणपणाचे. म्हणजे कथा खरी मानली तरी नाच तिच्याआधीचाच ठरतो.

कोरियाने १९६६ साली या नाचाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. युनेस्कोने २००९ साली आपल्या यादीत घेताना त्याचे वर्णन सुगीचा आणि सुफलतेचा विधी असे केले. आता तो मुख्यतः शहरांतल्या मध्यमवयीन बायका टिकवून आहेत, आणि प्राथमिक शाळांत संगीताच्या तासाला शिकवलाही जातो.