दप्तर उघडणाऱ्याला बक्षीस

१९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाची साथ मध्यप्रांत-वऱ्हाडात पसरली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिने घरेच्या घरे ओस पाडली. त्या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात किती माणसे गेली, त्यांत लेकरे किती, हे क्रमिक पुस्तकात मिळत नाही. जिथे कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, शाबूत आहे, तिथे मिळू शकते. पण तिथेही उत्तर आयते नसते. त्या काळी बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जमा होत. म्हणून आधीच्या तीन-चार वर्षांतले तेच दोन महिने मोजायचे, सरासरी काढायची आणि १९१८ चा आकडा तिच्याशी ताडून पाहायचा. हे काम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही जमण्यासारखे आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी दप्तरे राज्यभर उघडली गेली. पण त्यांना विचारला गेला तो एकच प्रश्न. बाकीचे प्रश्न विचारायला विद्यार्थी हवेत, आणि ते यावेत यासाठी विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांकरिता दप्तर-संशोधनाचे स्वतंत्र पारितोषिक ठेवायला हवे.

‘आविष्कार’ आहेच की, असे कोणी म्हणेल. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून भरणाऱ्या या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवात पदवीस्तराला स्थान आहे आणि सहा गटांपैकी एक गट मानव्यविद्या, भाषा व ललित कलांचा आहे. मात्र तिथला भर पोस्टर आणि थोडक्या वेळातल्या मांडणीवर असतो. यंत्राचा नमुना किंवा प्रयोगाचा निष्कर्ष पोस्टरवर शोभून दिसतो. चार बस्ते धुंडाळून पाचव्यात सापडलेली नोंद तिथे एका ओळीची होते. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे लीबाऊ पारितोषिक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे प्रबंधासोबत आपण साधने कशी शोधली, याचे टिपणही मागतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे सांभाळणाऱ्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने घ्यावी ती हीच गोष्ट.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तर शोधाची वाट हाच अर्धा अभ्यास आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजधानी बदलली की कागदाचा पत्ताही बदलतो. त्यामुळे इथल्या एका गावाची हकिकत हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि दिल्लीच्या अभिलेखागारांत विखुरलेली असू शकते. पेशवाईतले काही हवे असेल तर पुण्याचे पेशवे दफ्तर. तरीही बुलढाण्याचे या. मा. काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध केला. नागपूर विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आज विद्यापीठे आहेत आणि नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाला संशोधनाची वाटही मोकळी केली आहे. कमी आहे ती दप्तरापर्यंत नेणाऱ्या निमित्ताची.

यावरचे आक्षेप खोटे नाहीत. मोडी येत नाही, हा पहिला. पण सुरुवात मोडीनेच व्हावी असे नाही. १९१० चे जिल्हा गॅझेटियर आणि जमाबंदीचे अहवाल छापील इंग्रजीत आहेत, आणि मोडीची तोंडओळख काही आठवड्यांत होते. दुसरा आक्षेप, अननुभवी हातांनी जीर्ण पान फाटेल. म्हणून छायाप्रत असेल तिथे मूळ प्रत मागायची नाही, असा नियम पारितोषिकातच घालावा. जुन्या वह्यांत नावाशेजारी जात लिहिलेली असते, तेव्हा छापायच्या त्या बेरजा, व्यक्तींची नावे नाहीत, हाही नियम हवा. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: बक्षीस ठेवले की उतारे चिकटवलेले प्रबंध येतील, आणि आता तर यंत्राकडूनही निबंध लिहून घेता येतो. याला उतारा साधने कशी शोधली याच्या टिपणाचा, म्हणजे शोधवहीचाच. कोणत्या तारखेला कोणता बस्ता मागितला, कोणते पान वाळवीने खाल्लेले निघाले, कोणत्या वर्षाची वही मिळालीच नाही, हे ग्रंथपालाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. न सापडलेल्या कागदाचीही नोंद करणारा विद्यार्थी सहसा सापडलेल्याविषयी थापा मारत नाही, म्हणून परीक्षकांनी निम्मे गुण या वहीला द्यावेत.

अशा पारितोषिकाला फार पैसा लागत नाही; प्रवासखर्च, राहण्याची सोय आणि परीक्षकांचा वेळ एवढे पुरे. एक अट मात्र सोडू नये. विद्यार्थ्याने पाहिलेल्या दप्तरांची यादी, कुठे काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे या तपशिलासह, कॉलेजच्या ग्रंथालयात जमा व्हावी. प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या घरी जाईल. यादी मेहकर, चिखली, खामगावच्या ग्रंथालयांत राहील आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला पहिले चार बस्ते पुन्हा धुंडाळावे लागणार नाहीत.