जिंकणे-हरणे नसलेले व्हिडिओ गेम

लढाई नाही, गुण नाहीत, वेळेचे बंधन नाही, नुसते भटकायचे. अशा व्हिडिओ गेमना ‘हा कसला खेळ?’ असे सर्रास म्हटले जाते. हरणेच नसेल तर करायला काही उरत नाही, हा यामागचा समज. एड की आणि डेव्हिड कनागा यांच्या 2013 च्या ‘प्रोटियस’बद्दल हा वाद बराच रंगला.

‘प्रोटियस’मध्ये खेळणारा समुद्रातून एका बेटाकडे निघतो. हे बेट दर वेळी संगणक नव्याने रचतो, त्यामुळे एकाची टेकडी दुसऱ्याला सापडत नाही. बेटावर कोणीही काम सांगत नाही. मात्र झाडे, दगड, प्राणी, पाऊस या सगळ्यांचा स्वर संगीतात मिसळतो. बेडकाच्या मागे गेले की त्याच्या प्रत्येक उडीसरशी सूर उमटतात. रात्री प्रकाशाचे ठिपके एका ठिकाणी गोळा होतात. त्यांच्यात जाऊन उभे राहिले की ऋतू पालटतो आणि बेटाचे रंगही, आवाजही बदलतात. खेळणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला इथे उत्तर मिळते. खेळ म्हणायला एवढे पुरेसे आहे.

शत्रूच नाहीत म्हणजे असे गेम बनवणे सोपे, हाही गैरसमजच. बाण किंवा सूचना न दाखवता माणसाला वाट सापडली पाहिजे आणि ती आपणच शोधली असे त्याला वाटले पाहिजे, ही खरी कसोटी असते. 2012 च्या ‘जर्नी’त दूरचा उजळ डोंगर सुरुवातीपासून दिसतो, कुठे जायचे हे तोच सांगतो. या छोटेखानी गेमला सुमारे तीन वर्षे लागली.

अशा गेमना गिऱ्हाईक नसते, हे म्हणणेही टिकत नाही. ‘डिअर एस्थर’ची सुरुवात 2008 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधनातून झाली. ‘हाफ-लाइफ 2’ या गोळीबाराच्या गेमचे तंत्र घेतले आणि त्यातून बंदूकच काढून टाकली! 2012 मध्ये तो स्वतंत्रपणे विक्रीला आला आणि सहा तासांच्या आत त्यात घातलेले पैसे वसूल झाले. त्याच्याही आधी, 1993 च्या ‘मिस्ट’मध्ये लढाई नव्हती. कोडी मात्र भरपूर होती. 2002 मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तोच सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता.

सगळेच भटकंतीचे गेम मन निवांत करतात असेही नाही. ‘डिअर एस्थर’मध्ये हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या एका निर्जन बेटावर चालताना दिवंगत पत्नीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे ऐकू येतात, त्यातला शोक अंगावर येतो. निवांतपणा हवा असणाऱ्याने ‘अ शॉर्ट हाइक’ (2019) घ्यावा. त्यातल्या पक्ष्याला डोंगरमाथा गाठायचा असतो, पण वाटेत मासे धरत किंवा भेटेल त्याच्याशी गप्पा मारत रेंगाळले तरी काहीही बिघडत नाही.

हे गेम लढाईच्या गेमचे विरोधक आहेत, असेही नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या मारामारीच्या गेममध्ये 2018 साली ‘डिस्कव्हरी टूर’ आली. त्यात शस्त्रे बाजूला ठेवून गेममधला टॉलेमी राजांच्या काळातला इजिप्त माहितीसह हिंडून पाहता येतो.