काँट्रातली झाडं हलतात का?

गेमची जुनी कॅसेट हाती लागली की मी आधी तिच्या पिना बघतो, मग स्टिकर, आणि ती चालू झाली की थेट काँट्राची पहिली स्टेज. जंगलातून उजवीकडे पळताना मागची ताडाची झाडं वाऱ्याने हलत असतील, तर कॅसेटच्या पोटात जपानी काँट्रा आहे. झाडं स्तब्ध असतील तर अमेरिकी. कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रासाठी. जपानी कॅसेटमध्ये कंपनीने स्वतःची व्हीआरसी-२ नावाची जादा चिप घातली होती. तिच्या जोरावर पानं हलायची, पाचव्या स्टेजला बर्फ पडायचा, दोन स्टेजच्या मधे नकाशा यायचा. अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये ती चिप नव्हती, त्यामुळे हे सगळं गळालं. नांदेड-लातूरच्या घरांतून माझ्याकडे आलेल्या कॅसेटींत झाडं बहुतेक स्तब्धच असतात. एखाद्या कॅसेटमध्ये ती हलली, तर त्या आठवड्यात मी भेटेल त्याला तेच सांगत असतो.

जुन्या गेमचा संग्रह म्हटला की आपल्याकडची हौशी मंडळी जपान-अमेरिकेतून मूळ निन्टेन्डो मागवतात. मागवावा, सुंदर वस्तू आहे. पण ती टोकियोत आणि न्यूयॉर्कमध्ये हजारोंनी जपलेली आहे. नांदेडच्या वजिराबादमधल्या दुकानातून घेतलेली पिवळी कॅसेट, जिच्यावर चित्र एका खेळाचं आणि आत भलतेच खेळ, ती कुणीही जपलेली नाही. मराठवाड्यातलं एक अख्खं पोरपण ज्या यंत्रांवर गेलं ती यंत्रं नकली होती, आणि नकली म्हणूनच ती भंगारात चालली आहेत. ती आपणच गोळा करायची, दुसरं कोणी करणार नाही, या एका गोष्टीसाठी हा लेख लिहितोय.

इतिहास भराभर उरकतो. घरच्या टीव्हीला जोडायचं पहिलं यंत्र मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७२. मग १९७७ मध्ये अटारी. १९८३ साली अमेरिकेत हा धंदा बसला आणि त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेलं हे यंत्र १९८५ मध्ये एनईएस नावाने अमेरिकेत गेलं आणि दोन्ही मिळून सहा कोटींवर विकलं गेलं. पुढे सेगा, १९९४ साली प्लेस्टेशन, २००० साली प्लेस्टेशन-२. इतकं पुरे.

आपल्याकडे हे सरळ वाटेने आलंच नाही. आयात शुल्क जबर होतं. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात आणलं तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये! त्या काळात एवढे पैसे कोणता शिक्षक किंवा एसटीतला वाहक पोराच्या खेळण्यावर घालणार? त्याच्या दहाव्या हिश्श्यात तैवान आणि चीनमधल्या सुट्या भागांवर उभा राहिलेला ‘टीव्ही गेम’ मिळायचा. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं. आत सगळा फॅमिकॉमच. तैवानच्या यूएमसी कंपनीने त्याच्या दोन्ही मुख्य चिपांच्या नकला काढल्या होत्या. अमेरिकेच्या एनईएसमध्ये परकी कॅसेट ओळखून बंद पडणारी कुलूपचिप होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. म्हणून जगभरच्या नकला जपानी ६० पिनांच्या साच्यावर झाल्या, अमेरिकी ७२ पिनांच्या नाही. रशियात हेच यंत्र १९९२ साली डेंडी नावाने विकायला लागलं आणि आज तिकडे डेंडीचा केवढा अभिमान आहे! आपल्याकडे मीडियाचं नाव काढलं की लोक ‘ते डुप्लिकेट’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही.

आमच्या भागात यंत्रासोबत भारनियमनही खेळायला बसायचं. या कॅसेटींत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या स्टेजला पोचलात आणि लाइट गेली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पोरांना फीडरचं वेळापत्रक पाठ असायचं. दुपारी जेवायला हाक आली तर गेम पॉज करून टीव्ही तेवढा बंद करायचा, खाली यंत्र चालूच. ॲडाप्टर हाताला चटका बसेल इतका तापायचा. यंत्राच्या आत व्होल्टेज पाचावर आणणारी ७८०५ नावाची तीन पायांची चिप असते, तीही तापायची. मराठवाड्याच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत ती तशी तासन् तास जगली. आजही एखादं बंद यंत्र उघडलं की बहुतेक वेळा तीच गेलेली सापडते. दहा-वीस रुपयांची वस्तू. ती बदलली की मारिओ उभा!

आता माझा आवडता विषय. ‘९९९९ इन १’. स्टिकरवर चार-चार नव्वे, कधी सहा-सात. ही यादी मी चिकाटीने उतरवून काढत असतो. पहिल्या पानावर मारिओ, काँट्रा, टँक, बदकं, आयलँडर, सर्कस. पुढच्या पानांवर पुन्हा तेच, वेगवेगळ्या नावांनी. पण ही नुसती फसवणूक नव्हती, त्यात कारागिरी होती. यादी बनवणारा प्रत्येक नोंदीसोबत एक-दोन आकडे खेळाच्या स्मरणात आधीच टाकून ठेवायचा. त्यामुळे एका नोंदीवर मारिओ पहिल्या जगात सुरू व्हायचा, दुसऱ्या नोंदीवर पाचव्या जगात. एका काँट्रात तीन जीव, दुसऱ्यात तीस, तिसऱ्यात सुरुवातीलाच हातात पसरट गोळ्यांची एस बंदूक. ज्या पोराला चौथ्या स्टेजपुढे कधी जाता आलं नाही त्याला शेवटची स्टेज बघायला मिळाली ती अशा नोंदींमुळे.

तीस जीवांचा मंत्र तर घरोघरी होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ च्या ग्रेडियस या खेळासाठी केला, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांनाच अवघड जात होता. मग तो काँट्रात उतरला. ना मासिक, ना इंटरनेट. तरी तो आमच्याकडच्या शिवाजीनगरच्या गल्लीत कुणाच्या तरी मामाच्या गावाहून येऊन पोचलाच. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

‘९९९९ इन १’च्या यादीचा पडदाही बघण्यासारखा असतो. सात नव्व्यांच्या एका प्रसिद्ध कॅसेटमध्ये समुद्रकिनारा आहे, पक्षी उडतायत आणि खाली सूर वाजतो ‘अनचेन्ड मेलडी’चा. हे १९५५ चं गाणं, ‘घोस्ट’ चित्रपटामुळे १९९० नंतर पुन्हा गाजलेलं. ते चिनी कारागिराने बीप-बीप आवाजात बसवलं, आणि लातूर-नांदेडच्या पोरांनी ते पाठ केलं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आजही ते गुणगुणतात आणि ‘गेमचं गाणं’ म्हणतात.

मूळ सुपर मारिओ १३ सप्टेंबर १९८५ चा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा, संगीत कोजी कोंडो यांचं. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. आज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं, ढग पांढरा रंगवला आणि झुडूप हिरवं. कधी खेळ थांबवून निरखून बघा.

आणि संगीताची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ५०. कोंडोंचं संगीत आणि मारिओची पावलं दोन्ही त्या चित्रांच्या मोजणीवर पुढे सरकतात. निन्टेन्डोने युरोपच्या ५० चित्रांच्या टीव्हीसाठी मारिओचा वेग सुधारून घेतला, पण आपल्याकडे जपानी खेळ जसाच्या तसा ५० वर चालला. परिणाम असा की आपला मारिओ सहाव्या हिश्श्याने संथ होता, त्याचं गाणंही. सूर तोच, लय सावकाश. पुढे संगणकावर मी मूळ वेगातला मारिओ खेळलो तेव्हा खड्ड्यांत पडत गेलो, बोटांना जुनी लयच माहीत! आज गेम स्टिक म्हणून जे काही हजारो खेळांसकट विकतात त्यात हा आपला वेग नाही. तो ऐकायचा तर जुनं यंत्रच पाहिजे. इतरांना ही बारीकसारीक बाब वाटेल, मला ती संग्रहाचं मुख्य कारण वाटते.

जुनं यंत्र म्हटलं की जुना टीव्ही आला. बदकाच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही, ती बिघडलेली नसते. १९८४ च्या डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा डोळा असतो. आधी अंधार, मग उजेड दिसला की बदक पडलं. आधीचा अंधार तपासायचा म्हणजे बल्बकडे नेम धरून कोणी फसवू नये. दोन बदकं असतील तर दोन चौकोन पाठोपाठ. पिक्चर ट्यूबमध्ये किरण सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा ओढतो, आणि त्याच्या लुकलुकीवर मूळ बंदुकीचा डोळा बेतलेला आहे. नवे टीव्ही चित्र आधी स्वतः घोळवतात, मग उशिराने दाखवतात. तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते.

तेव्हा डब्बा टीव्ही हवाच. इथे मराठवाड्याचा माणूस म्हणून माझी छाती फुगते. आमच्या कितीतरी घरांत ही बदकं पडली ती व्हिडिओकॉनच्या पडद्यावर, आणि व्हिडिओकॉनचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला. खेळ क्योतोच्या निन्टेन्डोचा, चिप तैवानची, पण पडदा आपल्या घरचा. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे टीव्ही आता भंगारवाला किलोवारीही नाखुशीने उचलतो.

माझा टीव्ही लातूरहून आला. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मधे जगदंबेचं मंदिर. त्यातल्या एका रस्त्याच्या आतल्या अंगाला एक वयस्कर मेकॅनिक बसतात. दुकानात आता मोबाइलची कव्हरं जास्त, पण मागच्या खोलीत टीव्हीच्या सर्किटच्या पाट्या रचलेल्या. मी सोबत नेलेली कॅसेट काढली आणि सवयीने तोंडाकडे नेली, तसे ते म्हणाले, “कामून फुकायलास रे बाबा त्याला? थुंकी लागून पिना काळ्या पडतात.” खरं होतं. फुंकरीतल्या ओलाव्याने तांबं गंजतं. कॅसेट फुंकल्याने चालायची असं आपण समजत होतो, ती चालायची काढून पुन्हा बसवल्यामुळे. काकांनी मोबाइल दुरुस्तीचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीला लावलं आणि पिनांवरून फिरवलं. काडी तपकिरी झाली. दुसरी, तिसरी. चौथी पांढरी निघाली तेव्हा कॅसेट खोचली. पडद्यावर आधी मुंग्या, मग ट्यूनिंगचं चाक थोडं फिरवल्यावर समुद्रकिनारा. टीव्हीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. “नेताना आडवा करू नका,” एवढंच बजावलं.

लातूरला गेम म्हणजे अभ्यासाचं वाटोळं, असं समजणारी पिढी मोठी आहे. परीक्षेच्या निकालांसाठी नावाजलेल्या लातूर पॅटर्नच्या गावात ते साहजिकच. तासाच्या भाड्याने गेम खेळू देणारी दुकानं तिथे शिकवण्यांच्या आसपासच असायची. तरी काँट्राच्या तिसऱ्या स्टेजला, धबधबा चढताना, मी दोन भावांना जे शिकताना पाहिलंय ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. पुढचा वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. थांबून सोबत्याला वर येऊ द्यावं लागतं.

खरेदीला आम्हा नांदेडकरांना हैदराबाद जवळ. देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद, तिथून कोठीची गुजराती गल्ली. पुण्याला काम निघालं तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. नव्या काळातलं एकच नाव घेतो: ‘हनुमान: बॉय वॉरियर’. २००९ साली हैदराबादच्या ऑरोनाने प्लेस्टेशन-२ साठी केलेला खेळ. खेळ म्हणून मला तो कच्चा वाटतो, पण आपल्या शेजारच्या शहरात तयार झालेला म्हणून प्रत संग्रहात हवी. मात्र माझा जीव रमतो तो माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. जनावरांचा बाजार बघून झाला की मी खेळण्यांच्या पालांकडे वळतो. स्टॉलवाल्याच्या खोक्यात तळाशी कधी न विकलेल्या कॅसेटी असतात.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर भंगारात देण्याआधी कॅसेट उघडून बघा. आत सर्किटच्या पाटीवर काळ्या इपॉक्सीचा थेंब दिसेल, त्याच्या खाली सगळे खेळ. पाटीवर छापलेला क्रमांक, स्टिकरचा फोटो आणि यादीतली पहिली वीस-पंचवीस नावं लिहून ठेवा. कोणती कॅसेट कोणत्या वळणाने आली हे पुढे त्यावरूनच कळेल. रिमोटचं बटण दबत नसेल तर आतल्या रबराच्या काळ्या टिकल्या पुसा. लहानपणी आपण त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायचो, ती आधी काढा. आणि सापडेल तो ॲडाप्टर लावू नका. मूळ फॅमिकॉमला पिनेच्या मधल्या टोकाला ऋण लागतं, आजचे बहुतेक ॲडाप्टर उलटे असतात, आणि नकलांमध्ये तर दोन्ही प्रकार आहेत. यंत्राच्या पाठीवरची खूण वाचा, मीटरने तपासा, ९ व्होल्टच्या वर जाऊ नका. मग खुशाल सुरू करा आणि पहिल्या स्टेजची झाडं काय करतात ते मला कळवा.