सपासप वार आणि तेलाची बादली

इंग्रजीत ज्याला ‘हॅक अँड स्लॅश’ म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘सपासप’ हा नेमका शब्द आहे. समोरून झुंड यावी, नायकाने दांडपट्टा फिरवावा तशी तलवार फिरवावी आणि पडद्यावर शत्रूंचा खच पडावा, असा हा व्हिडिओ गेमचा प्रकार. नाव मात्र मूळचं व्हिडिओ गेमचं नव्हे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ आला. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. काही मंडळींना गोष्टीशी कर्तव्य नसे. दिसेल तो राक्षस तोडायचा, एवढंच. त्यांच्या खेळण्याला जरा कुचेष्टेने हे नाव पडलं.

जपानने या तोडातोडीला डौल दिला. २००१ साली कॅपकॉम कंपनीने ‘डेव्हिल मे क्राय’ आणला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. किती मारले यापेक्षा किती ऐटीत मारले, याला त्यात श्रेणी मिळे. हेच कामिया पुढे ओसाकाच्या ‘प्लॅटिनम गेम्स’ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. याच कंपनीने घडवलेला आणि ‘स्क्वेअर एनिक्स’ने २०१७ साली प्रकाशित केलेला ‘निअर ऑटोमाटा’ हा आजचा माझा विषय.

गोष्ट आहे इसवी सन ११९४५ची. परग्रहवासीयांनी यंत्रांची फौज पृथ्वीवर सोडली आहे, माणसं चंद्रावर पळाली आहेत, आणि त्यांच्या वतीने माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड लढताहेत. नायिका टू-बी, सोबती नाइन-एस. रूप सगळं अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी चित्रमालिकांचं: पांढरे केस, काळा झगा, डोळ्यांवर काळी पट्टी. (२०२३ साली यावरून खरोखरच अ‍ॅनिमे मालिका निघाली.) हलका वार एका कळीवर, जोरकस वार दुसरीवर. शत्रूचा घाव अगदी बसायच्या क्षणी बाजूला सरलात, तर उलट वार करायची संधी मिळते. शेजारी तरंगणारं एक यंत्र गोळ्या झाडत असतं. बोटांना हे सगळं फार गोड लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

याला ‘रोल प्लेइंग’ का म्हणायचं? कारण पात्र तुमच्या हाताखाली वाढतं. इथे तुम्ही अंगात चिपा बसवता, पण जागा मोजकी. गंमत म्हणजे आपली उरलेली ताकद दाखवणारी पट्टी हीसुद्धा एक चिप. ती काढून जास्त ताकदीची बसवता येते. मग आपण किती जखमी आहोत ते कळत नाही. आणि उत्सुकतेपोटी मुख्य चिपच काढलीत, तर नायिका जागच्या जागी मरते आणि खेळ संपतो. असे लहानमोठे मिळून या खेळाला २६ शेवट आहेत.

आता पालकांचा प्रश्न. मुलगा तासन्‌तास तलवार चालवतोय, त्याच्या मनाचं काय? अमेरिकेत हा खेळ १७ वर्षांवरच्यांसाठी ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. पण पुढे ऐका.

मारताना ती यंत्रं बोलतात. नाइन-एस बजावतो, यांना भावना नसतात, शब्द नुसते तोंडातून पडतात. माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचाही म्हणाला, ‘‘मामा, यंत्र आहे ते, त्याला कुठे दुखतंय!’’ एका ओसाड जत्रेत तर ही यंत्रं अंगावर येतच नाहीत, रंगीत कागद उधळत असतात. कापायचं म्हटलं तर कापता येतं. खेळ तुम्हाला अडवत नाही.

मग पहिला शेवट येतो. इथे बरेच जण थांबतात आणि मला वाटतं तिथेच चुकतात. कारण खेळ पुन्हा सुरू केला की तुमच्या हाती टू-बी नसते. असतं एक बुटकं यंत्र आणि तेलाची बादली. ते वाटेत अडखळून पडतं, पुन्हा बादली भरतं आणि निपचित पडलेल्या भावाच्या अंगावर तेल ओततं. भाऊ उठत नाही. त्यानंतर त्याच लढाया नाइन-एसच्या बाजूने लढायच्या. पहिल्या फेरीत जत्रेतली एक गायिका-यंत्र नुसती किंचाळत होती. आता कळतं की कुणाला तरी आवडावं म्हणून तिला सुंदर व्हायचं होतं. तलवार तीच, कळ तीच. बोट मात्र जड होतं.

दिग्दर्शक योको तारो चारचौघांत मुखवटा घालूनच येतात. त्यांनी एका भाषणात सांगितलं होतं की, शेकडो माणसं मारणारा नायक वेडाच असला पाहिजे, असं त्यांना आधी वाटे. २००१च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर आणि पुढच्या युद्धांनंतर त्यांना वाटू लागलं की, मारायला वेड लागत नाही. आपण बरोबर आहोत एवढी खात्री पुरते. २०१०चा पहिला ‘निअर’ या विचारातून निघाला.

शेवटचा शेवट सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रेयनामावली सुरू होते आणि त्यातली नावंच तुमच्यावर गोळ्या झाडू लागतात. एकट्याने निभावणं जवळपास अशक्य. हरत राहिलात की हार मानता का, असं विचारलं जातं. नाही म्हणत राहिलात, तर अनोळखी खेळाडू मदतीला येतात. त्यातल्या एकाला गोळी लागली की पडद्यावर ओळ उमटते, अमक्याचा सगळा डेटा गेला. जिंकल्यावर प्रश्न तुम्हाला येतो. असाच कुणी अनोळखी अडकला आहे, त्याच्यासाठी तुमचा सगळा साठवलेला खेळ पुसू का? तो माणूस तुम्हाला कधी कळणार नाही, आभारही मानणार नाही.

तीस-चाळीस तासांची कमाई होती. मी ‘हो’ म्हटलं. शस्त्रं, नकाशा, चिपा, एकेक पान डोळ्यांदेखत कोरं होत गेलं. भाचा शेजारीच होता. त्याचा खेळ त्याने अजून पुसलेला नाही.