जुना फोन घेताना आतली घडी पाहा

कापडाच्या धंद्यात थानाची वरची घडी पाहून कोणी सौदा करीत नाही. थान उलगडून डाग, छिद्र पाहिले जाते. परंतु तेच व्यापारी बंधू दुकानासाठी जुना फोन घेताना केवळ काचेची चमक पाहतात. पुढे त्याच फोनवर उधारीचा हिशेब आणि बँकेचा व्यवहार चालतो. म्हणून काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट, माल चोरीचा नाही ना? *#०६# दाबल्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो पावतीशी ताडून पाहावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून हा क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ आले तर सौदा सोडावा. पावतीशिवाय फोन घेऊच नये.

दुसरी गोष्ट, फोनचे वय. कंपनी ठराविक वर्षेच सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठविते. शेवटच्या दुरुस्तीची तारीख ‘सेटिंग्ज’मध्ये दिसते. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनांवर व्हॉट्सअॅप २४ ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. दुरुस्त्या थांबलेला फोन बोलण्यापुरता ठेवावा, पैशांचे व्यवहार त्यावर करू नयेत.

तिसरी गोष्ट बॅटरी. सुमारे ५०० वेळा पूर्ण वापरल्यावर तिची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते. ते चालते, फुगलेली बॅटरी मात्र चालत नाही. आमच्या दुकानात एका जुन्या फोनचे झाकण वर आले होते, तरी तो महिनाभर गल्ल्याशेजारी चार्ज होत होता. कारागिराने फुगलेली बॅटरी काढून दाखविली तेव्हा बाजूच्या थानांकडे पाहून अंगावर काटा आला. एका ठिणगीत सारी दुकान गेली असती!

संगणकाचा कीबोर्ड, माउस, मॉनिटर जुना घेण्यास हरकत नाही. चार्जर मात्र नवा, बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच घ्यावा. हार्डडिस्क जुनी असेल तर हिशेबाची दुसरी प्रत वेगळी ठेवावी. विंडोज १० चे नेहमीचे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही ध्यानात असावे.

विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ग्राहकांचे नंबर व हिशेब ही अमानत आहे. फोन देण्यापूर्वी गुगल खाते काढून मगच सर्व माहिती पुसावी. खाते राहिले तर घेणाऱ्याचा फोन कुलूपबंद होतो. आणि ऐब सांगून विकावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओलावा लागला. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. फुगलेली बॅटरी झाकून विकणाऱ्यालाही हाच प्रश्न आहे.