समुद्रसहल आणि तिथीचे गणित

रिसोड तालुक्यातील बालकांना पाण्याची ओळख होते ती विहिरीच्या, तलावाच्या अथवा पैनगंगेच्या रूपाने. नदीस पूर येतो तो पावसामुळे. एरव्ही तिचा काठ सकाळी जेथे असतो तेथेच सायंकाळीही असतो. समुद्राचे तसे नाही. आपल्यापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या या समुद्राकडे शालेय सहल नेणाऱ्या शिक्षकाने हा भेद प्रथम स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल अलिबागचा किनारा घेऊ. येथील समुद्र उथळ असून वाळूचा उतार अतिशय मंद आहे. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याच्या बांधकामास प्रारंभ केला व संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. चांगली ओहोटी असता मात्र तेथे पायी जाता येते. तळ उथळ असल्यामुळे पाणी थोडे जरी चढले तरी वाळूचा फार मोठा पट्टा त्याखाली जातो. या किनाऱ्याचा आनंद आणि धोका या दोहोंचे मूळ एकच आहे.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यापूर्वी सुमारे सहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाच्या दरम्यान, ओहोटी. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा होतो, तशीच भरतीही उशिरा येते. पाऊणकीचा पाढा शिकविताना हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. मात्र हे गणित स्थूल असून त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून प्रत्यक्ष दिवशी छापील वेळापत्रक पाहावे व स्थानिक कोळी बांधवांस विचारावे.

पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण येते. त्या वेळी या किनाऱ्यावर पाणी चार मीटरांच्या आसपास चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. ते याच्या निम्म्याहूनही कमी चढते, पण ओसरतेही कमी. त्यामुळे त्या दिवसांत किल्ल्याची वाट पुरती कोरडी पडेलच असे नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर सहा तासांत ते अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन व एक भाग असे चढते. उधाणाच्या दिवशी मधल्या दोन तासांतच दोन मीटर, म्हणजे पुरुषभर पाणी वाढते. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून वाळूवर रेंगाळणारा मनुष्य येथेच फसतो.

यास्तव पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी मुलांना वाळूवर न्यावे. ओल्या घट्ट वाळूवर कबड्डी व लंगडी उत्तम रंगते. शंखशिंपले वेचावे, खेकड्यांची बिळे पाहावी, वाळूचे किल्ले रचावे. कुलाबा किल्ल्यात जावयाचे असल्यास पाणी परतू लागण्यापूर्वी माघारी निघावे. निघण्यापूर्वी व परतल्यावर पटावरील नावे घेऊन मुले मोजावी.

एवढ्याने मात्र पाण्यात उतरण्याची मुभा मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. त्या दिवशी उधाण नव्हते. वद्य अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे पाणी होते. तिथीचे गणित वाळूवर खेळण्याची वेळ सांगते. पाण्याखालील खड्डे व ओढ ते सांगत नाही. म्हणून घोट्यापलीकडे पाण्यात कोणासही जाऊ देऊ नये.

सहलीपूर्वी आठवडाभर मुलांकडून पंचांग पाहून हे गणित रोज करून घ्यावे. सांगितलेल्या वेळी पाणी खरोखरच परतताना पाहून त्यांना जो आनंद होईल, तोच या सहलीचा खरा पाठ होय.